आमची वाटचाल : वेझरकाठची आपोथेके

अफूतून मॉर्फिन वेगळं काढणारा झेर्ट्युर्नर शेवटची वर्षं जर्मनीतल्या हामेल्नमध्ये आपोथेके, म्हणजे औषधांचं दुकान, चालवत होता, म्हणून तिथे पर्यटक जातात. तिथून अर्ध्या तासावर, वेझर नदीकाठी आमचं दुकान आहे. आमच्याकडे कुणी संशोधक झाला नाही. रोजची औषधं मात्र आम्ही चोख दिली.

घर लाकडी चौकटीचं. खाली दुकान, मागे प्रयोगशाळा, वर वनस्पती वाळवायचा माळा. वारा खेळावा म्हणून माळ्याला झडपा आहेत, त्या मी अजून जपल्यात. जुन्या काळी अशा कितीतरी ठिकाणी परवाना घराला चिकटलेला असे. घर विकलं की हक्कही जाई. 1958 मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने निकाल दिला आणि कुठल्याही पात्र फार्मासिस्टला हवं तिथे दुकान उघडता येऊ लागलं.

मी आधी इथे नोकरीला होते. पुण्याच्या बी.फार्म.वर काउंटरला उभं करत नाहीत. भाषेची परीक्षा, मग विषयाची, तेव्हा कुठे आप्रोबात्सिओन, म्हणजे इथे फार्मासिस्ट म्हणून काम करायचा परवाना. मलम घोटायला मला जुन्या मालकीणबाईंनी शिकवलं. पांढऱ्या मेलामिनच्या वाडग्यात मुसळी फिरवायची, कडेला चिकटलेलं पातळ पत्तीने खाली ओढायचं, पुन्हा फिरवायचं. मध्येच थांबून बोटाने नाही, डोळ्याने बघायचं, कण दिसतोय का. बाई म्हणायच्या, "हात थकला म्हणजे मलम झालं असं नाही." निवृत्त होताना त्यांनी दुकान मला दिलं, हप्त्यांनी.

पुढची काही वर्षं चांगली गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग 2020 चा सप्टेंबर. आम्ही महिन्याची सगळी प्रिस्क्रिप्शनं हिशेब केंद्राकडे पाठवतो. ते विमा कंपन्यांकडून पैसे वसूल करून आम्हाला देतं. आमचं केंद्र दिवाळखोरीत गेलं. विमा कंपन्यांनी पैसे भरले होते, औषधं रुग्णांच्या पोटात गेली होती, घाऊक व्यापाऱ्याचं बिल माझ्या टेबलावर होतं, आणि मधला पैसा गायब! चार हजार युरोच्या औषधामागे दुकानाला तेव्हा मिळायचे 3 टक्के आणि 8 युरो 35 सेंट, म्हणजे जेमतेम एकशे अठ्ठावीस. त्यातूनही विमा कंपन्यांना द्यायची सवलत कापली जाते. असं एक औषध बुडालं की ते भरून काढायला तशी तीसहून जास्त विकावी लागतात. माझी अशी कितीतरी बुडाली. इथे आपोथेके कंपनीच्या आडोशाने चालवता येत नाही, मालक स्वतःच्या घरादारासकट जबाबदार. मदत मागायला गेलो तर कर्ज पुढे केलं. चूक कुणाची आणि व्याज कुणी भरायचं? हा राग माझा अजून गेलेला नाही.

घाऊक व्यापाऱ्याने हप्ते बांधून दिले, म्हणून शटर खाली आलं नाही.

आणि आमचे सुतारआजोबा. भिंतीतले ओकचे खण त्यांनीच एकेक काढून दुरुस्त केलेले. खणांवरच्या, औषधांच्या नावांच्या चिनीमातीच्या पट्ट्या पुन्हा जागच्या जागी. काळ्यावर पांढरी अक्षरं म्हणजे विष, पांढऱ्यावर लाल म्हणजे जपून, पांढऱ्यावर काळी म्हणजे साधं. एकही पट्टी इकडची तिकडे झाली नाही. पेपरात बातमी वाचली त्या आठवड्यात ते आले ते गायनमंडळातल्या आठ जणांना घेऊन, प्रत्येकाच्या हातात गुलाबी प्रिस्क्रिप्शन. त्यांची मुलगी टपालाने औषधं मागवायचा आग्रह करते. ते मुलीला सांगतात, टपालवाला रक्तदाबाची आणि दम्याची गोळी शेजारीशेजारी बघून अडवणार आहे का?

इकडे यायचा विचार करणाऱ्या मुलामुलींना सांगते : दुकान घेताना आधी हिशेब केंद्राचा करार वाचा. आपले पैसे वेगळ्या विश्वस्त खात्यात राहतात का ते लेखी घ्या, आणि ते कलम मराठीत स्वतःला समजावून सांगता येईपर्यंत सही करू नका. वजनकाट्याचं प्रमाणपत्र नंतर बघितलं तरी चालेल.

त्या दिवाळखोरीची फाईल मी जुन्या विषाच्या कपाटात ठेवली आहे. कपाट आता रिकामंच असतं, पण कुलूप लागतं. वर्षातून एकदा पत्र येतं, ते फाईलला लावते आणि पुन्हा कुलूप घालते.