सिंहगडाचा मुरूम निघाला समुद्राच्या तळाला

आतकरवाडीहून सिंहगड चढायला लागलो तेव्हा पावसाची भुरभुर चालू होती आणि वाटेचा नुसता राडा झाला होता. सोबत मामेभाऊ. तो गोव्यात असतो, समुद्रतळाचा गाळ तपासायचं काम करतो. त्यामुळे त्याचं लक्ष दरीकडे कमी, दरडीकडे जास्त. अर्ध्या वाटेत एका ढासळलेल्या कडेपाशी थांबला तो हलेचना.

"दादा, हा मुरूम बघ."

मुरूम काय बघायचा? रस्त्यावर टाकायची वस्तू! पण उकरलं तर आत गोल गोटे, कांद्यासारखे पापुद्रे सुटत चाललेले. वरचा पापुद्रा बोटांनीच चुरडला जात होता, गाभा मात्र काळाकुळकुळीत. ही पावसाची करणी. हवेतला कार्बन डायऑक्साइड थेंबात विरघळून सौम्य आम्ल होतं. ते दगडातलं कॅल्शियम सोडवतं आणि तो कार्बन बायकार्बोनेट होऊन पाण्याबरोबर वाहून जातो. हा काळा कातळ म्हणजे बेसाल्ट, थिजलेला लाव्हा. जगाच्या जमिनीत तो जेमतेम ५ टक्के. पण सिलिकेट खडक झिजताना हवेतून जेवढा कार्बन ओढला जातो, त्यात त्याचा वाटा सुमारे ३० टक्के. गंमत म्हणजे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हाच कातळ लाव्हा होऊन वर आला, तेव्हा त्यानेच हवेत ढिगाने कार्बन ओतला होता. आता हप्त्याहप्त्याने फेडतोय म्हणायचं.

गडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. त्याबद्दल काय लिहायचं, पुणेकरांना ठाऊक आहे.

अरबी समुद्र इथून शंभर किलोमीटरच्या आत, पण गडाच्या या अंगाचं पाणी तिकडे फिरकत नाही. मुठा, मग मुळा-मुठा, भीमा, कृष्णा, आणि थेट बंगालचा उपसागर. तिथे सूक्ष्म जीव त्या बायकार्बोनेटची कवचं बांधतात. बांधताना निम्मा कार्बन सुटतो, निम्मा चुन्यात अडकतो. जीव मेला की कवच तळाशी. फार खोल पाण्यात ते विरघळतं. उथळ भागात मात्र थरावर थर चढतात.

भावाने मोबाइलवर फोटो दाखवला: ग्लोबिजेरिना बुलॉइडिस, याच कवचवाल्या जिवांपैकी एक, वाळूच्या बारीक कणाएवढा, चार फुगीर कप्पे, अंगभर छिद्रं. मान्सूनचे वारे जोरात वाहिले की अरबी समुद्रात खालचं थंड, सकस पाणी वर येतं आणि हा जीव फोफावतो. म्हणून गाळाच्या कुठल्या थरात तो किती, यावरून हजारो वर्षांपूर्वीच्या मान्सूनचा जोर ताडता येतो. आपल्या हवामानाची जुनी वही तळाशी पडलेली आहे, हे मला तरी नवीन होतं.

"मग आपल्या धुराचं काय? दगड खातीलच की," मी उतरताना म्हटलं.

"खातील ना. लाखो वर्षांनी."

तोवर आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण चौथा हिस्सा समुद्रच गिळतो. त्यापायी पृष्ठभागाच्या पाण्याचा सामू (पीएच) औद्योगिक काळाआधीच्या ८.२ वरून ८.१ च्या आसपास आलाय. आकडा किरकोळ वाटतो, पण सामूचं मोजमाप असं आहे की आम्लता पाव पटीहून जास्त वाढली, आणि कवच बांधणं तेवढं जड झालं.

खडकवासल्याच्या चौपाटीवर कणसाला लिंबू चोळत भाऊ पुढची धरणं मोजायला लागला: उजनी, जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर. डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालाला कवचासाठी सिलिका लागते; तीही या दगडांतूनच सुटते आणि गाळासारखी बरीचशी धरणांत अडकते. कोरड्या वर्षी तर विजयवाड्याच्या बॅरेजखाली कृष्णेत फारसं पाणीच उरत नाही.