पाळीची वाट न बघता

सांगली, गुरुवार रात्र

आज जेवण झाल्यावर दिवस राहू नयेत म्हणून पहिली गर्भनिरोधक गोळी घेतली. गर्भ पडल्यावर पिशवी साफ करून आठवडासुद्धा झालेला नाही, त्यामुळे घरात सगळ्यांना हे फार लवकर वाटतंय. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, एकदा पाळी येऊन जाऊ दे, अंग मोकळं होऊ दे, मग बघ गोळ्याबिळ्या."

त्यांची माया कळते मला. पण याच सल्ल्यानं कितीतरी जणी अडचणीत येतात. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ पडला किंवा पाडला, तर पुढचं स्त्रीबीज दोन आठवड्यांतही तयार होऊ शकतं. पाळी येते ती त्याच्या नंतर. म्हणजे पाळीची वाट बघत बसलं तर मधेच पुन्हा दिवस जायचे. हे सांगितल्यावर जाऊबाई भाजी निवडता निवडता थांबल्या. "धाकटीच्या वेळी माझं असंच झालं असणार," एवढंच म्हणाल्या.

मूल मला हवंय, अगदी मनापासून हवंय. पण रक्त कमी झालंय, मन अजून जागेवर नाही. निदान सहा महिने तरी जाऊ देत, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. गोळी घेतली म्हणून गेलेलं बाळ विसरले असं कोणी समजू नये.

मिरजेच्या डॉक्टरबाईंनी चिठ्ठी लिहिण्याआधी दंडाला पट्टा बांधून बीपी बघितलं. मग एकेक विचारत गेल्या. डोकं उठायच्या आधी डोळ्यांपुढे लखलखतं का? पायात किंवा छातीत कधी रक्ताची गुठळी झाली होती का? लिव्हरचं दुखणं, स्तनाचा कॅन्सर? सिगारेट? फिटच्या किंवा टीबीच्या गोळ्या चालू आहेत का? कारण त्यांतल्या काहींमुळे या गोळीचा असर कमी होतो. माझं सगळ्याला नाही होतं. ज्यांचं हो येतं त्यांनी ही दोन हार्मोनची गोळी टाळलेली बरी. त्यांना दुसरा उपाय मिळतो, पण तो डॉक्टरांनाच ठरवू द्यावा. शेजारणीकडून पाकीट मागून घेण्यात हीच जोखीम आहे.

गर्भ पडल्यापासून सात दिवसांच्या आत गोळी सुरू केली तर वेगळं काही वापरावं लागत नाही. उशीर झाला, तर आधी दिवस नाहीत ना याची खात्री करायची आणि पहिले सात दिवस निरोध वापरायचा. सरकारी माला-एनच्या पाकिटात 21 गोळ्या हार्मोनच्या आणि 7 लोहाच्या असतात. अंतरा इंजेक्शनही सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, दर तीन महिन्यांनी. पण ते बंद केल्यावर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात, म्हणून मी नको म्हटलं.

साताऱ्याच्या मैत्रिणीनं मध्यंतरी गोळ्या घेऊन गर्भपात केला. पुढे काय वापरणार, हे तिला कोणी विचारलंच नाही. याचा मला खरंच राग येतो. तिचं लग्न झालेलं नाही, म्हणून ती विचारायलाही बिचकली असेल. गर्भपाताच्या कायद्यात 2021 साली झालेल्या दुरुस्तीनंतर तिलाही लग्न झालेल्या बाईइतकाच हक्क आहे, आणि तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

उद्या तिला फोन करणार. आधी विचारेन, ताप आहे का, अंगावरून जातं त्याला घाण वास येतोय का, तासाला दोन पॅड भिजतील इतकं रक्त जातंय का. यातलं काहीही असलं तर आधी दवाखाना. नसलं तरी बीपी बघून घे म्हणेन. आणि एकटं जायला नको वाटत असेल तर मीच येते साताऱ्याला.