चादरीचा पोत आणि रेषांचा हिशेब : आमची वाटचाल

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेचे फलक, उन्हाळ्यात लग्नपत्रिका आणि उरलेले वर्षभर टॉवेल-चादरींच्या खोक्यांची सजावट, हेच सोलापुरातील आमच्यासारख्या डीटीपीवाल्यांचे गणित होते. दोन संगणक, एक स्कॅनर आणि कोरल ड्रॉ एवढ्या भांडवलावर आम्ही सुरुवात केली. त्या वर्षांविषयी अधिक सांगण्यासारखे नाही. सांगायचे आहे ते कापडाचा पोत रेषांच्या चित्रात उतरवून देण्याच्या पुढच्या कामाविषयी.

अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतील एका कारखानदारांनी प्रदर्शनातील दालनासाठी आपल्या जॅकार्ड, म्हणजे विणीतच नक्षी उतरवलेल्या, चादरीचा पोत भिंतभर मागितला, तेव्हा खरी परीक्षा झाली. सहा इंचांचा तुकडा 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 पिक्सेल (चित्राचे ठिपके) या हिशेबाने, स्कॅन केला की रुंदीला 1800 पिक्सेल मिळतात. तेच चित्र दहा फुटांवर ताणले की इंचाला जेमतेम 15 पिक्सेल उरतात आणि जवळून पाहणाऱ्याला विणीऐवजी चौकटी दिसतात. वेक्टर चित्रात पिक्सेल नसून वक्ररेषांची सूत्रे असतात, त्यामुळे आकार कितीही वाढवला तरी कड फाटत नाही, हे आम्हाला ठाऊक होते. म्हणून आम्ही अख्खे स्कॅन स्वयंचलित ट्रेसला, म्हणजे ठिपक्यांच्या चित्रावरून आपोआप वेक्टर रेषा काढणाऱ्या सोयीला, दिले. संगणकाने धाग्याची रेषा, तिच्यावरचा तंतू, त्याची सावली आणि स्कॅनरच्या काचेवरची धूळ यांत काहीही भेद न करता प्रत्येकाभोवती आकार काढला. फाइल इतकी जड झाली की छापखान्यातील संगणक ती उघडतानाच अडकून बसला.

या पेचातून वाट दाखवली ती आयुष्यभर आलेख कागदावर चौकोन भरून जॅकार्डची नक्षी उतरवणाऱ्या एका तेलुगूभाषक मास्तरांनी. त्यांनी चादरीवर पिक ग्लास, म्हणजे धागे मोजण्याचे भिंग, ठेवला, धागे मोजले, खडूने चार खुणा केल्या आणि म्हणाले, “अहो, हा एवढाच तुकडा. पुढचं सगळं पुन्हा तेच.” कापडाच्या धंद्यात ज्याला रिपीट म्हणतात तो तुकडा आम्ही वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर असूनही पाहिला नव्हता.

तेव्हापासून आम्ही फक्त एक रिपीट स्कॅन करतो. ते किंचित धूसर करून तंतूंचा गोंगाट घालवतो, छटा तीन-चारांवर आणतो, ठरावीक मापापेक्षा लहान ठिपके गाळतो आणि मगच ट्रेस करतो. इंकस्केप या वेक्टर चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम पोट्रेस हा 2001 मधील प्रोग्रॅम करतो. तो मुळात काळ्या-पांढऱ्या चित्रासाठी असल्याने प्रत्येक छटेचा थर वेगळा काढावा लागतो. त्यानंतरचा सर्वांत कष्टाचा भाग म्हणजे सांधा. तुकडा अर्ध्या रुंदीने आणि अर्ध्या उंचीने सरकवला की कडा मधोमध येतात आणि जिथे धागा धाग्याला मिळत नाही, ती जागा लगेच डोळ्यात खुपते. तिथले नोड, म्हणजे वक्ररेषेवरचे बिंदू, हातानेच जुळवावे लागतात. एसव्हीजी या वेक्टर फाइलच्या प्रकारात असा तुकडा एकदाच नोंदवून पॅटर्न म्हणून हवा तितका पसरवता येतो, त्यामुळे फाइलही हलकी राहते.

लेझर कटिंगच्या कामांनी आणखी एक धडा दिला. नेहमीचा ट्रेस रेषेच्या दोन्ही कडा काढतो, त्यामुळे यंत्र एकाच रेषेवर दोनदा कापते. तिथे मध्यरेषाच काढावी लागते.

टेरी टॉवेलचा पोत मात्र आम्ही वेक्टरमध्ये करून देत नाही. त्याच्या उभ्या फासांना ठाम कड नसते, असते ती सावलीची उतरंड, आणि ती तीन-चार छटांत बसवली की टॉवेल पत्र्यासारखा दिसतो. अशा ग्राहकाला आम्ही अधिक डीपीआयचे स्कॅन घेऊन तसेच छापण्याचा सल्ला देतो. काम हातचे जाते, पण तक्रार येत नाही. व्हॉट्सॲपवर आलेला फोटोही आम्ही घेत नाही, प्रत्यक्ष कापडच मागतो, कारण दाबलेल्या जेपीईजीतील आठ बाय आठ पिक्सेलचे ठोकळे ट्रेसमध्ये विणीसारखेच उमटतात.

आमचा दर फुटावर नसून रिपीटवर असतो. “एवढ्याशा तुकड्याचे एवढे पैसे?” असे विचारणारे अजूनही भेटतात, आणि त्यांना आम्ही न जुळलेला सांधा पडद्यावर मोठा करून दाखवतो.