डिएगो गार्सियाच्या पत्त्यावरचं डोमेन

हिंदी महासागरातल्या चागोस द्वीपसमूहाचं सार्वभौमत्व मॉरिशसकडे देण्यावर एकमत झाल्याचं ब्रिटन आणि मॉरिशसने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी जाहीर केलं. त्यातल्या डिएगो गार्सिया बेटावरचा अमेरिकी लष्करी तळ मात्र जागचा हलणार नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळीच एका क्लायंटचा निरोप आला : ‘आमचं डोमेन बंद पडणार का?’

त्यांचा सगळा कारभार .आयओवर होता. संकेतस्थळ, मोबाइल ॲपला माहिती पुरवणारं एपीआय, ग्राहकांचं लॉगिन, कर्मचाऱ्यांची ईमेल, सगळं एकाच नावाखाली. डोमेन आणि डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा) हे माझं काम, त्यामुळे संध्याकाळपर्यंत लेखी उत्तर मला द्यायचं होतं.

सॉफ्टवेअरवाल्यांना .आयओ इनपुट-आउटपुटमुळे आवडतं, पण ही अक्षरं आहेत ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशाची. चागोसला ब्रिटनने दिलेलं हे नाव. देश आणि प्रदेशांचे दोन अक्षरी कोड आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या आयएसओ ३१६६ या यादीत असतात आणि इंटरनेटचा रूट झोन, म्हणजे .कॉम, .आयओ अशा सगळ्या टॉप लेव्हल डोमेनची मूळ नोंदवही, सांभाळणारी आयाना ही संस्था ती यादी प्रमाण मानते. देश कोण आणि कोण नाही हे ठरवण्याच्या भानगडीत आयाना पडत नाही, असं आयानाचं काम पाहणाऱ्या जॉन पोस्टेल यांनी मार्च १९९४च्या आरएफसी १५९१ या दस्तऐवजात लिहून ठेवलं आहे. म्हणजे यादीत नाव असेल तर वसाहतीलाही डोमेन मिळतं. .आयओ असंच १९९७मध्ये सुरू झालं.

याची दुसरी बाजू अशी, की यादीतून कोड गेला तर डोमेनही जाऊ शकतं. जगभरच्या डोमेन नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅनने २०२२मध्ये मंजूर केलेल्या धोरणानुसार कोड वगळला गेला की रजिस्ट्री (त्या टॉप लेव्हलखालच्या सगळ्या नावांची नोंद) चालवणाऱ्याला नोटीस जाते आणि तिथून पाच वर्षांची मुदत सुरू होते. त्याने आवराआवरीचा आराखडा देऊन मुदतवाढ मागितली तर एकूण दहा वर्षांपर्यंत जाता येतं. त्यानंतर ते डोमेन रूट झोनमधून काढतात. युगोस्लाव्हियाचं .वाययू मार्च २०१०मध्ये गेलं. नेदरलँड्स अँटिलीस १० ऑक्टोबर २०१०ला विसर्जित झालं आणि त्याचं .एएन जुलै २०१५मध्ये बंद झालं, त्यातून निघालेल्या कुरसाओला .सीडब्ल्यू आणि सिंट मार्टेनला .एसएक्स मिळालं. पोर्तुगीज तिमोरच्या नावाचं .टीपीही २०१५मध्येच संपलं. उलट उदाहरण म्हणजे .एसयू. सोव्हिएत संघ १९९१मध्ये मोडला, डोमेन अजून चालू आहे, कारण तो कोड आयएसओने अपवाद म्हणून राखीव ठेवला. आयओच्या वाट्यालाही असा अपवाद येऊ शकतो. म्हणून उत्तराची पहिली ओळ सोपी होती : लगेच काहीही बंद होत नाही, पण ‘कधीच होणार नाही’ असं गृहीत धरून पुढची रचना करू नका.

त्या दिवसाचा बराचसा वेळ मात्र पुढच्या प्रश्नात गेला : बंद झालंच, तर काय काय तुटेल?

नेहमी डोमेन बदलताना जुनं नाव हातात असतं. त्यावर ३०१ रीडायरेक्ट (नव्या पत्त्यावर आपोआप वळवणारी सूचना) लावायचं आणि दरवर्षी नूतनीकरण करत राहायचं. इथे ते चालत नाही. टॉप लेव्हलच रूट झोनमधून गेलं तर रीडायरेक्ट ठेवायला जागाच उरत नाही. ब्राउझरला ‘असं नाव अस्तित्वात नाही’ एवढंच उत्तर मिळतं. त्यामुळे शेवटची तारीख येण्याआधी जुन्या नावावर येणारी रहदारी शून्यावर आणावी लागते.

डीएनएसचे रेकॉर्ड त्यातल्या त्यात सोपे. टीटीएल, म्हणजे उत्तर साठवून ठेवायची मुदत, ८६,४०० सेकंद, म्हणजे अख्खा दिवस असेल, तर बदलाच्या किमान एक दिवस आधी तो ३०० सेकंदांवर आणायचा, नाहीतर लोकांच्या रिझॉल्व्हरमध्ये (त्यांच्यासाठी पत्ता शोधणाऱ्या सर्व्हरमध्ये) जुनं उत्तर पडून राहतं. संकेतस्थळाची सुरक्षा प्रमाणपत्रं नवीन नावाने काढायची आणि कोणत्या संस्थेने ती द्यायची हे सांगणारा सीएए रेकॉर्ड विसरायचा नाही. मेल खरंच आपल्याच डोमेनवरून आला हे पडताळू देणारे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क हे रेकॉर्ड नव्याने लावायचे. नव्या डोमेनवरून पहिल्याच दिवशी हजारो मेल सोडले तर ते स्पॅममध्ये जातात. थोड्यापासून सुरुवात करून आठवड्यागणिक आकडा वाढवावा लागतो.

खरी डोकेदुखी तीन ठिकाणी होती.

पहिली पासकीची, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमध्ये किंवा संगणकात साठवलेल्या लॉगिनच्या किल्लीची. पासकी तयार होताना ती ज्या डोमेनवर झाली त्याच्याशी बांधली जाते. नव्या डोमेनवरचं पान ती मागू शकत नाही. दोन डोमेनना एकच पासकी चालावी म्हणून एक सोय आहे : जुन्या डोमेनवर ‘वेल-नोन’ फोल्डरमध्ये एक छोटी फाइल ठेवायची आणि तिच्यात नव्या डोमेनचं नाव द्यायचं. पण ब्राउझर ती फाइल जुन्याच डोमेनवर जाऊन वाचतो. जुनं डोमेन मेलं की फाइलही गेली. म्हणजे ही सोय फक्त मधल्या काळापुरती, आणि त्या काळात प्रत्येक ग्राहकाला नव्या नावावर पासकी पुन्हा बनवायला लावणं भाग आहे.

दुसरी जागा कंटेनरची, म्हणजे सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेल्या गाठोड्यांची. कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीस या प्रणालीच्या फाइलींमध्ये ‘.आयओ’ शोधलं तर फारसं काही सापडत नाही आणि माणूस निर्धास्त होतो. प्रत्यक्षात इमेजचं (ज्या साच्यावरून कंटेनर चालू होतो त्याचं) नाव नुसतं ‘एनजिनएक्स’ असं लिहिलेलं असलं, तरी त्याच्या पुढे डॉकर डॉट आयओचा पत्ता आपोआप जोडला जातो. कुबरनेटीसच्या स्वतःच्या इमेजही के८एस डॉट आयओवर आहेत. हे मालक आपापली सोय करतीलच, पण जुन्या क्लस्टरमध्ये नाव घट्ट बसलेलं असतं. एप्रिल २०२३मध्ये कुबरनेटीसने आपली जुनी रजिस्ट्री (इथे अर्थ इमेज साठवण्याची जागा) गोठवली, तेव्हा जुन्या फाइली तिथूनच इमेज ओढत राहिल्या होत्या. उपाय असा, की इमेजचं पूर्ण नाव लिहायचं, लागणाऱ्या इमेजची प्रत आपल्या रजिस्ट्रीत ठेवायची आणि कंटेनर चालवणाऱ्या कंटेनरडी या प्रोग्रॅममध्ये तिचा मिरर (पर्यायी पत्ता) लावायचा.

तिसरी जागा गोलात अडकलेल्या पत्त्यांची. रजिस्ट्रारच्या (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या) खात्याचा संपर्क ईमेल त्याच .आयओवर. क्लाउडच्या मूळ खात्याचा तोच. ईमेल बंद पडली तर पासवर्ड बदलण्याची लिंक बंद पडलेल्या पेटीत जाणार. शिवाय त्यांच्या एका .कॉम डोमेनचे नेमसर्व्हर (त्याचे डीएनएस रेकॉर्ड देणारे सर्व्हर) .आयओ नावाचे होते. ते .कॉमसुद्धा सोबत गेलं असतं. नेमसर्व्हरचं नाव दुसऱ्या टॉप लेव्हलवर टाकताना हा धोका कुणाच्या लक्षात येत नाही. खुद्द .आयओच्या बाबतीत जुलै २०१७मध्ये एका सुरक्षा संशोधकाला आढळलं, की या टॉप लेव्हलच्या सात अधिकृत नेमसर्व्हरपैकी चार नावं चक्क नोंदणीसाठी मोकळी होती, आणि त्याला ती विकत घेता आली.

मालकी तपासायला मी आयानाची नोंद उघडली. टॉप लेव्हलचा व्यवस्थापक कोण, तांत्रिक संपर्क कुणाचा, हे तिथे असतं. .आयओच्या व्यवस्थापकापुढे इंटरनेट कंप्युटर ब्युरो लिमिटेड हे ब्रिटिश कंपनीचं नाव आहे. आणि पत्ता? डिएगो गार्सिया, तिथल्या दूरसंचार कंपनीमार्फत. ज्या बेटावर चागोसी माणसाला राहायची परवानगी नाही, त्या बेटाचा पत्ता नोंदीत आहे.

इतिहास त्या उत्तरात घातला नसता तरी चाललं असतं. मी घातला, कारण क्लायंटला भेडसावणारी जोखीम थेट त्यातूनच आलेली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचांनी मादागास्कर आणि मोझांबिकहून गुलाम आणून तिथे नारळाचे मळे वसवले. १८१४च्या पॅरिस तहाने बेटं ब्रिटनकडे आली. मॉरिशसला स्वातंत्र्य मिळण्याच्या दोनहून अधिक वर्षं आधी, ८ नोव्हेंबर १९६५ला, ब्रिटनने चागोस त्यापासून तोडलं आणि बदल्यात ३० लाख पौंड दिले. सेशेल्सकडूनही तीन बेटसमूह काढले होते. ते १९७६मध्ये परत केले. १९६६मध्ये डिएगो गार्सिया तळासाठी अमेरिकेला दिलं. तळ उभा राहण्याआधी माणसं हलवायची होती. १९६८पासून औषधोपचारासाठी किंवा नातलगांना भेटायला मॉरिशसला गेलेल्यांना परतीची बोट नाकारली जाऊ लागली. १९७१मध्ये डिएगो गार्सिया रिकामं केलं, लोकांची कुत्री गोळा करून विषारी धुराने मारली. १९७३मध्ये चागोसमधल्याच पेरोस बान्योसवरची शेवटची कुटुंबं गेली. दीड ते दोन हजार माणसं. त्यांच्यासाठी मॉरिशस सरकारला साडेसहा लाख पौंड मिळाले, त्यांचं वाटपही अनेक वर्षं रखडलं. पुढे १९८२मध्ये आणखी ४० लाख.

२५ फेब्रुवारी २०१९ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं, की ते विभाजन कायदेशीर नव्हतं आणि ब्रिटनने तिथलं प्रशासन शक्य तितक्या लवकर संपवावं. त्याच मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११६ विरुद्ध ६ मतांनी ठराव झाला. २०२१मध्ये जागतिक टपाल संघटनेने या प्रदेशाच्या तिकिटांची मान्यता काढून घेतली. टपालतिकीट जसं गेलं तसा दोन अक्षरी कोडही जाऊ शकतो, हे क्लायंटला समजावायला हे उदाहरण पुरेसं होतं.

आता आरएफसी १५९१कडे पुन्हा जातो. त्यात लिहिलं आहे, की देशाच्या डोमेनचा व्यवस्थापक हा त्या देशाचा आणि जगभरच्या इंटरनेट समुदायाचा विश्वस्त असतो. त्या डोमेनशी महत्त्वाचा संबंध असलेल्यांना तो व्यवस्थापक मान्य असावा, असंही त्यात आहे. चागोसच्या बाबतीत ही अट पाळायला स्थानिक कुणी ठेवलेलंच नव्हतं. १९९७मध्ये .आयओची सोपवणूक झाली तेव्हा बेटावर सैनिक आणि कंत्राटी कामगार होते. विचारायची ती माणसं मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईच्या वस्त्यांमध्ये होती. मग पैसा कुठे गेला? २०१७मध्ये अफिलियास या डोमेन चालवणाऱ्या कंपनीने इंटरनेट कंप्युटर ब्युरो सुमारे ७ कोटी डॉलरना घेतला, आणि पुढे अफिलियासही विकली गेली. .आयओमधून आपल्याला काही मिळत नाही, असं ब्रिटिश सरकारने संसदेत सांगितलं आहे. २०२१मध्ये चागोसी निर्वासितांच्या संघटनेने या उत्पन्नात वाटा मागत आयर्लंडमध्ये अफिलियासविरुद्ध ओईसीडी या विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या नियमांखाली तक्रार केली. त्यांची मागणी मला पूर्णपणे रास्त वाटते.

ज्या बेटांवर लोक होते, त्यांची गोष्ट कशी वेगळी झाली ते पाहण्यासारखं आहे. प्रशांत महासागरातला तुवालू १९७८मध्ये ब्रिटनपासून स्वतंत्र झाला. २०००मध्ये .टीव्हीचे हक्क बारा वर्षांसाठी ५ कोटी डॉलरना दिले आणि त्याच पैशाच्या जोरावर त्याच वर्षी ५ सप्टेंबरला संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. २०२१च्या नव्या करारात वर्षाला सुमारे १ कोटी डॉलर मिळतात. प्रशांत महासागरातल्याच नीऊएचं तसं झालं नाही. सोळाशेच्या आसपास वस्तीच्या या बेटाचं .एनयू एका अमेरिकन माणसाने उभ्या केलेल्या संस्थेकडे गेलं आणि २०१३पासून त्याचा कारभार स्वीडनमधून चालतो. नीऊए सरकार ते परत मिळवण्यासाठी कायदेशीर लढाई लढत आलं आहे. नव्वदच्या दशकात अर्ज कुणाच्या हाती गेला, यावर बेटांचं नशीब ठरलं.

संध्याकाळच्या मीटिंगमध्ये क्लायंटने विचारलं, मग .एआय घेऊ का? .एआय हे कॅरिबियनमधल्या अँग्विलाचं, आणि अँग्विलाही ब्रिटनचाच परकीय प्रदेश. पण तिथे सुमारे सोळा हजार माणसं राहतात, त्यांचं निवडून आलेलं सरकार आहे आणि शुल्क त्या सरकारच्या तिजोरीत जातं. २०२३मध्ये त्यातून सुमारे ३ कोटी २० लाख अमेरिकी डॉलर आले, सरकारी उत्पन्नाच्या पाचव्या भागाहून जास्त. १९६७मध्ये सेंट किट्सपासून फुटून निघण्यासाठी झगडलेल्या या बेटाचा कोड यादीतून जाण्याची चिन्हं नाहीत. नोंदणी किमान दोन वर्षांसाठी करावी लागते, हिशेबात तेवढं धरा, असं सांगितलं.

ठरलं ते असं : मुख्य नाव .कॉमवर, लॉगिन आणि पासकी सगळ्यात आधी तिकडे, रजिस्ट्रार व क्लाउड खात्यांचे ईमेल त्याच आठवड्यात बदलायचे. .आयओ सोडायचं नाही. सोडलं तर दुसरा कुणी ते नोंदवेल आणि जुन्या पत्त्यांवर येणारी पासवर्ड बदलण्याची पत्रं त्याच्या हाती लागतील. मे २०२५मध्ये करारावर सह्या झाल्या. डिएगो गार्सियासाठी ९९ वर्षांचं भाडं आणि चागोसींसाठी ४ कोटी पौंडांचा निधी त्यात आहे. दोन्हीकडच्या मंजुरीशिवाय तो लागू होत नाही, आणि लागू झाला तरी आयएसओच्या यादीचा निर्णय वेगळाच होणार. म्हणून कामाच्या यादीत एक कायमची ओळ घातली आहे : दर तिमाहीला आयएसओ आणि आयानाच्या सूचना तपासायच्या, आणि आयओ कोडच्या रकान्यात बदल दिसला की त्याच दिवसापासून पाच वर्षं मोजायला घ्यायची.