जपून ठेवलेली पैठणी

घोडबंदर रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये आज बेडचा बॉक्स उघडला आणि आधी आला तो कुबट वास. मग झिपच्या प्लास्टिक पिशवीतली पैठणी. उलगडली तर काठाची जर काळपट, आणि नेमकं घडीवरच रेशीम चिरलेलं.

"एवढी जपून ठेवली होती गं!" काकू म्हणाल्या.

जपली म्हणूनच गेली. प्लास्टिकमध्ये दमट हवा कोंडते, आणि खाडीकाठच्या ठाण्यात पावसाळ्याचं तर बोलूच नका. खऱ्या जरीत चांदी असते, ती काळी पडते. वर डांबरगोळ्या थेट पदरात! त्या जरीला लागताच कामा नयेत.

साडी धुतलेल्या सुती कापडात सैल गुंडाळायची. दर 3 महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या जागी घालायची, कारण रेशीम चिरतं ते त्याच त्या घडीवर. पावसाळा सरला की तासभर सावलीत वारा द्यायचा. उन्हात नाही, रंग विटतो.

त्याच बॉक्समध्ये मिक्सरची 2 रिकामी खोकी होती. मिक्सर केव्हाच भंगारात गेलाय. "राहू देत, लागतात," काकू म्हणाल्या.

तुमच्या बेडखाली काय काय आहे?