पिअर रिव्ह्यूचं पत्र आल्यावर: माझा अनुभव

डॉक्टरची एखादी केस पिअर रिव्ह्यूसाठी, म्हणजे त्याच्याच क्षेत्रातल्या डॉक्टरांकडून तपासून घेण्यासाठी, हॉस्पिटलच्या समितीकडे गेली म्हणजे कुणीतरी तक्रार केली, असा सरसकट समज असतो. माझ्या वेळी तसं काही नव्हतं. पेशंटला अचानक पुन्हा ओटीत न्यावं लागलं, डिस्चार्जनंतर ३० दिवसांत परत भरती करावं लागलं, अनपेक्षित मृत्यू झाला, असे निकष आधीच ठरलेले असतात. त्यातला एक लागू झाला की फाइल निघते.

आधी मूळ नोट्स वाचा, पण त्यात एक अक्षरही बदलू नका. इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डमध्ये प्रत्येक बदलाची वेळ राहते. पत्रानंतर घातलेली भर खरी असली तरी लपवाछपवीच वाटते. खुलासा वेगळा द्या. मी तो वेळेच्या क्रमाने लिहिला: कोणता रिपोर्ट किती वाजता हाती आला, तेव्हा कोणत्या शक्यता समोर होत्या, कोणती का बाजूला ठेवली. ‘पेशंट स्टेबल, निरीक्षण चालू’ एवढ्यावरून परीक्षकाला काहीच कळत नाही. नाडी, रक्तदाब, लघवीचं प्रमाण, पुन्हा कधी तपासलं, हे सगळं हवं. रात्रीच्या फोनची नर्सिंग नोट्समधली वेळ आपल्या वेळेशी जुळते का, तेही पाहावं. बहुतेकदा जुळत नाही.

परीक्षक आपल्याच शाखेचा हवा, पण भागीदार नको आणि प्रतिस्पर्धीही नको. छोट्या हॉस्पिटलात असा माणूस सापडणं कठीण. तिथे बाहेरचा मागावा, लेखी आणि छाननीआधी. निकालानंतर मागितला तर रडीचा डाव वाटतो.

खरी गोची वेगळीच आहे: शेवट काय झाला हे परीक्षकाला ठाऊक असतं. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भूलतज्ज्ञांना एकसारख्याच केसेस देऊन फक्त इजा तात्पुरती की कायमची एवढंच बदललं. कायमची म्हटल्यावर उपचार योग्य ठरवणारे घटले. म्हणून परीक्षकाला आधी निर्णयाच्या क्षणापर्यंतचीच फाइल द्यावी, पुढची पानं नंतर.

आकड्यांवर मात्र हुज्जत घालावीच. २० शस्त्रक्रियांत एकही कॉम्प्लिकेशन नसलं तरी खरं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास असू शकतं. मग विसातल्या दोनांवरून कुणाला कच्चा कसं ठरवणार? एकूण केसेस किती, पेशंट किती गंभीर, हे विचारा.

शंका उरली तर समिती काही काळ कामावर लक्ष ठेवते. किती केसेस, कोण पाहणार, प्रॉक्टर (देखरेखीला नेमलेला डॉक्टर) ओटीत उभा राहणार की फक्त नोंदी वाचणार, पास कशाला म्हणायचं, कधी संपणार, हे लेखी असल्याशिवाय सही करू नका. ‘समितीचं समाधान होईपर्यंत’ असं लिहिलेली मुदत लांबतच जाते.