दोन गोळ्यांना एवढा वेळ?

“ताई, दोन गोळ्यांना एवढा वेळ? समोरचा मेडिकलवाला बोलता बोलता देतो.” दवाखाने सुटले की रोज हे ऐकते. आता एकदाच सांगते.

निम्मा वेळ माझा नसतो. शेड्यूल एच-वनमधलं, म्हणजे जपून विकायच्या औषधांच्या सरकारी यादीतलं औषध असलं की २०१४पासून वेगळं रजिस्टर आहे: डॉक्टर, पेशंट, औषध, किती दिलं. ते तीन वर्षं जपायचं. समोरचा कधी लिहितो, त्याचं त्याला माहीत.

उरलेला निम्मा माझाच.

नोकरीला होते तेव्हा माझा हात फार चालायचा. चिठ्ठी पुढे येईपर्यंत स्ट्रिप काउंटरवर. मालक पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचे. एका आजींना आमवातासाठी मेथोट्रेक्सेट होतं, साडेसात मिलिग्रॅम. आठवड्यातून एकदा, महिन्याच्या चार गोळ्या. अक्षर स्वच्छ होतं, डॉक्टरवर ढकलायचीही सोय नाही. कात्री शोधायचा कंटाळा आला, मी दहाची अख्खी स्ट्रिप दिली आणि पाकिटावर सवयीने लिहिलं: सकाळी १.

आठव्या दिवशी मुलगा आला. पाकीट काउंटरवर ठेवलं, आतली स्ट्रिप बाहेर काढली. सात घरं फुटलेली. “आईला पाणीसुद्धा गिळवत नाही,” म्हणाला. तोंडभर फोड आले होते, रक्तातल्या पेशी उतरल्या होत्या, रात्रीच ॲडमिट केलं होतं. तो ओरडला नाही. पाकिटावरच्या त्या एकाकडे बोट दाखवून विचारलं, “हे तुमचंच अक्षर ना?” हो म्हणायला मला जो वेळ लागला, तेवढा आयुष्यात कुठल्या चिठ्ठीला लागला नसेल. आजी वाचल्या. आमच्या दुकानात परत आल्या नाहीत.

चार गोळ्या कापून दिल्या असत्या तर? चारही रोज एक करून घेतल्या असत्या, पण चारच.

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं ‘घाई नडली’ म्हणून सांगत आले. पण ती दुपार होती. दुकानात आजींशिवाय कुणी नव्हतं. घाई कसली होती मला?

आणि आता सावकाश करते म्हणून शहाणी झाले, असंही नाही. गेल्या थंडीत एकाच्या बीपीच्या गोळ्या तीनदा ताडून बघत होते. मागे एक बाई धाप लागून उभ्या होत्या, पंप हवा होता. मला ऐकूच आलं नाही. रांगेतला एक पोरगा ओरडला, “अहो, आधी त्यांना द्या की!” त्याचं बरोबर होतं. समोरच्याने तो पंप दहा सेकंदांत दिला असता.

ही काळजी की नुसती भीती, हे माझं मलाच ठरवता येत नाही. पाकीट हातात देण्याआधी मी विचारते, “घरी गेल्यावर कशी घेणार, सांगा बघू.” निम्मे लोक वैतागतात. काल एक काका म्हणाले, “परीक्षा घेता का?” आणि चुकीचं सांगितलं.